दुखणे अंगावर, औषध जंगलात

पाऊस मुरला की चामोर्शीहून घोटकडे जाताना कुंपणांतून आणि बांबूच्या बेटांतून एक वेल डोके वर काढते. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या उलट्या पाकळ्यांची ही वेल म्हणजे कळलावी. घरात आणली तर भांडणे लागतात असा समज असल्याने अंगणात तिला कोणी थारा देत नाही. सुईणीला विचारले तर ती मात्र या नावाचा निराळाच अर्थ सांगते. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायाला आणि बेंबीभोवती या वेलीच्या कंदाचा लेप दिला की कळा सुरू होतात, म्हणून ही कळ लावणारी. संस्कृत निघंटूंनी तिला लांगली म्हटले आणि गर्भपातिनी हेही नाव दिले. रसायनशास्त्राने याच कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे द्रव्य शोधून काढले. गाऊट या सांध्यांच्या विकारावर डॉक्टर ते आजही देतात, आणि मात्रा थोडी चुकली तर त्याने माणूस दगावतो. तमिळनाडूत तर शेतकरी या वेलीची रीतसर शेती करतात आणि बिया औषधी कंपन्यांना विकतात. गडचिरोलीच्या जंगलात ती फुकट उगवते.

हे सांगण्याचे कारण असे की, बायकांच्या दुखण्यांवरच्या झाडपाल्याचा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एकाला ते सगळे अडाणीपणाचे वाटते, दुसऱ्याला ते ऋषिमुनींचे धन वाटते. पहिल्या तटाने कळलावीचा कंद कधी हातात घेतलेला नसतो आणि दुसऱ्याने त्याने झालेली विषबाधा पाहिलेली नसते. या वादात ती बाई मात्र कुठेच नसते, जी पदराखाली कागदाची पुडी लपवून घरी जाते आणि ती कशासाठी आणली हे नवऱ्यालाही सांगत नाही. माझ्या मते प्रश्न मुळी पुडीतल्या सालीचा नाहीच. ती पुडी का लपवावी लागते, हा आहे.

आठवडी बाजारात मुळ्या, साली, बिया पोत्यावर मांडून बसलेल्या एका म्हातारीपाशी मी बराच वेळ बसून होते. गिऱ्हाईक बहुतेक बायाच. मोठ्याने कोणी काही मागत नाही. एक तरुण बाई शेजारी येऊन टेकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, अंगावरून जाते." म्हातारीने साल काढायच्या आधी विचारले, "लाल का पांढरं?" "पांढरं." "वास येते का? खाज?" मग लेकरे किती, धाकटे केवढे, पाळी चुकली का, कंबर दुखते का, हेही विचारून घेतले. पुडी बांधताना म्हणाली, "सात दिस घे. नाही थांबलं तं दवाखान्यात जाजो माय." ती गेल्यावर मी विचारले, खरेच जातात का हो दवाखान्यात? म्हातारी हसली. "सांगतो मी. पन जाते कोन? थो डाक्टर गडी मानूस. बाईनं थ्याले का दाखवाव?"

या म्हातारीने विचारलेले प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाच्या प्रश्नांपेक्षा फारसे निराळे नव्हते. रंग, वास, खाज, बाळंतपणे, पाळी. अर्धे निदान तिथे पोत्यावर बसून झाले होते. उरलेले अर्धे प्रश्नांनी होत नाही, ते डोळ्यांनी पाहून करावे लागते. गर्भपिशवीच्या तोंडाशी सूज आहे की जखम, पाणी पातळ आहे की दह्यासारखे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि तेवढेच नेमके होत नाही.

मराठीत या दुखण्यासाठी दोन वाक्प्रचार आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. "अंगावरून जाते" हा पहिला. त्यात कुठून जाते, काय जाते, याचा उच्चार नाही. सगळे शरीर एका अंग या शब्दात गुंडाळले आहे. दुसरा "अंगावर काढते". आजार न सांगता, न दाखवता, काम करत करत सोसणे यासाठी इतका नेमका शब्द फार थोड्या भाषांत असेल. धानाच्या बांधीत दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणारी बाई पहिले दुसऱ्यात मिसळून टाकते.

किती बायका असे अंगावर काढतात, याचा जगातला पहिला नीट मोजलेला आकडा गडचिरोलीतूनच आला, ही गोष्ट या जिल्ह्याच्या नक्षलवादाच्या बातम्यांत हरवून जाते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची आणि मुलींची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रुग्णांची नव्हे, गावात राहणाऱ्या बायकांची. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, सरासरी काढली तर प्रत्येकीमागे साडेतीनहून अधिक. त्यांतले निम्मे आजार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. काही तक्रार आहे असे सांगणाऱ्या ५५ टक्के. उरलेल्यांना तपासल्यावर कळले, किंवा जे होते ते बाईच्या जातीला असायचेच, अशी त्यांची समजूत होती. आणि याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांनी पुढे बरेच काही घडवले. तोवर आपल्या सरकारी आरोग्य खात्याला खेड्यातली बाई दोनच वेळा दिसायची, गरोदर असताना आणि नसबंदीच्या टेबलावर. १९९४ मध्ये कैरोला भरलेल्या लोकसंख्या परिषदेत कुटुंबनियोजनाऐवजी प्रजनन आरोग्य हा शब्द आला, त्यामागच्या पुराव्यांत गडचिरोलीची ही दोन गावे होती. पण मला त्या आकड्यांचा एक वेगळाच अर्थ महत्त्वाचा वाटतो. ही पाहणी एखाद्या मुंबईच्या झोपडपट्टीत झालेली नव्हती. झाडापेडांची माहिती जिथे घराघरांत आहे अशा जंगलाच्या मुलखात ती झाली होती. पळस, धायटी, बेल, अर्जुन, शतावरी हाताशी असताना ९२ टक्के बायका आजारी होत्या. तेव्हा जंगलात राहणारा माणूस निसर्गतःच निरोगी, हे शहरी भाबडेपण त्या एका तक्त्याने निकालात निघते. आणि दुसरी बाजू अशी की, औषधाच्या गोळ्याही तेव्हा बाजारात होत्याच. त्याही त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. झाडपाल्याने इंग्रजी औषधाची वाट अडवली असे म्हणायला तिथे ते औषध मुळात वाटेवरच नव्हते.

राणी बंग नुसत्या आजार मोजून थांबल्या नाहीत. पांढरे जाण्याबद्दल बायकांना स्वतःला काय वाटते, गर्भ कसा राहतो, उष्ण काय आणि थंड काय, हेही त्यांनी त्यांच्याकडून समजून घेतले. पुढे झाडे आणि आदिवासी बाया यांच्या नात्यावर त्यांनी 'गोईण' लिहिले. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणाऱ्या बाईचे ज्ञान हे पुरुष वैदूच्या ज्ञानापेक्षा निराळे असते, असे मला ते वाचल्यापासून वाटत आले आहे. वैदूची ख्याती मोडलेल्या हाडावर, सापावर, कावीळीवर. त्याचे औषध सांगितले तर गुण जातो, म्हणून तो लपवतो. बाईचे औषध लाजेपोटी लपते. दोन्ही गुप्तच, पण एका गुप्ततेला मान आहे, दुसरीला नाही.

आता त्या पुड्यांतल्या औषधांकडे येऊ. पांढरे जाण्यावर आणि अधिक रक्तस्रावावर जी औषधे सांगितली जातात ती चाखून पाहिली तर बहुतेक सगळी तुरट लागतात. पळसाचा डिंक, ज्याला बाजारात कमरकस म्हणतात, तो तुरट. धायटीची फुले तुरट. अर्जुनाची, जांभळाची साल तुरट. ग्रंथोक्त औषधांतही तोच प्रकार. चरकाने योनिव्यापद या सदरात वीस विकार सांगितले आणि त्याच अध्यायात पुष्यानुग चूर्ण दिले. त्यात जांभळाचे बी आहे, आंब्याची कोय आहे, लोध्र आहे, धायटी आहे. म्हणजे चामोर्शीच्या बाजारातली म्हातारी आणि चरक यांच्यात या बाबतीत फारसा मतभेद नाही. कुणी कुणाकडून घेतले, हे विचारायला मात्र आपल्या विद्वानांना आवडत नाही.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन आपल्या ओलसर त्वचेवरची प्रथिने आवळते, स्राव कमी करते. हिरड्या सुजल्या तर बाभळीच्या सालीने गुळण्या करतात तेच तत्त्व. त्यामुळे काढ्याने धुतले की बाईला आठ-चार दिवस बरे वाटते, आणि ते वाटणे खोटे नसते. काही स्राव तर रोगाचे नसतातच. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडे पांढरे जाणे हा शरीराचा धर्म आहे. पण स्राव ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा असेल, किंवा परमा म्हणजे गनोरियाचा असेल, तर साल पाणी आवळते आणि जंतू तिथेच राहतो. तो वर चढतो, गर्भनलिका बंद करतो, आणि पाच वर्षांनी त्याच बाईला वांझ म्हणून घराबाहेर काढले जाते. शिवाय जंतू नवऱ्याकडून आलेला असला तर काढा दोघांनी घ्यावा असे कोणतीच आजी सांगत नाही. खरे तर या बाबतीत दवाखानेही फार मागे नाहीत. नवऱ्याला बोलवा, असे म्हणणारा डॉक्टर विरळाच.

अधिक रक्तस्रावाचे तसेच. अशोकाच्या सालीचे नाव यात सर्वांत मोठे. तिच्यावर प्रयोगशाळेतले काम पुष्कळ आहे, पण माणसांवर नीट आखलेल्या मोठ्या चाचण्या फार थोड्या. तरीही अशोकारिष्टाच्या बाटल्या घरोघरी आहेत. त्यात गंमत अशी की आपण बंगल्याभोवती लावतो तो उंच, सरळसोट अशोक हा अशोकच नव्हे. औषधी तो सीतेचा अशोक, नारिंगी फुलांच्या गुच्छांचा. तो आज जगाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे आणि त्याच्या सालीत त्या बंगल्याच्या अशोकाची भेसळ ही जुनीच तक्रार आहे. अरिष्ट आंबवायला मात्र धायटीची फुले लागतातच, त्यामुळे बाटलीत अशोक असो-नसो, धायटी नक्की. ही धायटी कुण्या तरी जंगलातली बाई उन्हातान्हात तोडून किलोच्या भावाने विकते. तिला स्वतःला अति रक्तस्राव झाला तर ती काय घेते, हा प्रश्न त्या बाटलीवर छापलेला नसतो.

गडचिरोलीत यावर सिकलसेलची भर आहे. आधीच ज्या बाईच्या अंगात रक्त कमी, तिची पाळी महिन्यातून बारा-बारा दिवस चालली आणि ती साल उकळून पीत राहिली, तर साल विषारी नसली तरी उशीर विषारी ठरतो. चाळिशीनंतरचा, पाळी गेल्यावरचा किंवा शरीरसंबंधानंतरचा रक्तस्राव तर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाची हाक असू शकते. तिथे सात दिवसांची पुडी नको, सात मिनिटांची तपासणी हवी.

याउलट बाळंतपणानंतरच्या खाण्यापिण्याला मी औषध न म्हणता शहाणपण म्हणेन. डिंकाचे लाडू, अळीव, शेपा, खसखस, ओव्याचे पाणी, शतावरी. यातल्या कशाने किती दूध वाढते यावर वाद घालावा तेवढा थोडा. पण या निमित्ताने घरातल्या सुनेच्या पुढ्यात वर्षातून एकदा तूप, गूळ आणि डिंक येतो आणि ती सव्वा महिना बसून खाते, हे मोठेच औषध आहे. गरिबाघरी तेवढेही नशिबात नसते. सवा महिना तर सोडाच, बाराव्या दिवशी ती मोहफुले वेचायला गेलेली असते.

झाडपाल्याची सर्वांत काळी बाजू गर्भपाताशी आहे, आणि त्याबद्दल ना वैद्य बोलतात ना समाजसेवक. चित्रकाचे मूळ पोटाच्या तक्रारीवर शुद्ध करून, थोड्या मात्रेत देतात. तेच कच्चे मूळ कातडीला लावले तर फोड येतात. ते गर्भपिशवीत काडीसारखे घालून गर्भ पाडण्याची रीत देशभर होती आणि पूर्ण गेलेली नाही. रुईच्या काडीचाही असाच उपयोग होतो. गर्भ पडतोही, पण जंतुसंसर्ग रक्तात गेला तर बाईही वाचत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही, असे स्पष्ट केले. कागदावर आपला कायदा अनेक पुढारलेल्या देशांपेक्षा उदार आहे. पण लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला सरकारी दवाखान्याच्या रांगेत गावातले चार लोक पाहणार असतील तर ती रांग तिच्यासाठी नाहीच. चित्रकाच्या काडीला कागदपत्रे लागत नाहीत. तिची सगळी ताकद यात आहे.

काडी हे एक टोक झाले. दुसरे टोक पाहायचे तर बीड जिल्ह्यात जावे लागेल. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशीच्या आतल्या अनेक होत्या. यातल्या कितीतरी जणींची मूळ तक्रार तीच होती, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. खासगी दवाखान्यात सांगितले गेले की पिशवी सडली, कर्करोग होईल, काढून टाका. मुकादमाची उचल डोक्यावर, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड. बाईने पिशवी काढून घेतली. ज्या तक्रारीवर चामोर्शीत पळसाचा डिंक मिळतो, तिच्यावर बीडमध्ये आख्खे गर्भाशय जाते, आणि दोन्हीकडे मधली पायरी गाळलेली असते. नीट पाहणे, पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरणे, नवरा-बायकोला मिळून आठवडाभराच्या गोळ्या देणे. झाडपाल्यावर आगपाखड करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रांना मी हे टोक आठवून देते. म्हातारीची पुडी निदान परत फेकून देता येते.

ही मधली पायरी बायकांनी स्वतःच बांधण्याचा एक प्रयत्न आपल्या देशात झाला होता. १९७१ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला कॅरोल डाउनर या स्त्रीने बायकांच्या बैठकीत आरसा आणि स्पेक्युलम घेऊन स्वतःच्या गर्भपिशवीचे तोंड स्वतः पाहून दाखवले. त्या चळवळीचे वारे जिनिव्हाला गेले, तिथल्या स्त्रियांच्या दवाखान्यातल्या परिचारिका रीना निसिम भारतात आल्या, आणि 'शोधिनी' नावाने निरनिराळ्या राज्यांतल्या कार्यकर्त्या एकत्र जमल्या. गावच्या सुईणींकडून, जाणत्या बायकांकडून त्यांनी स्त्रीरोगांवरच्या वनस्पती गोळा केल्या. बायकांना स्वतःचे शरीर पाहायला शिकवले. औषध घेण्याआधी काय दिसते आणि नंतर काय दिसते, याची नोंद ठेवली. १९९७ मध्ये दिल्लीच्या काली फॉर विमेनने त्याचे पुस्तक काढले. मला त्यांच्या यादीतल्या वनस्पतींपेक्षा त्यांची रीत मोलाची वाटते. आधी पाहा, मग द्या, मग पुन्हा पाहा. गुण नाही आला तर पुढे पाठवा. शास्त्र म्हणजे तरी दुसरे काय असते? ही रीत आमच्या आरोग्य खात्याने उचलली नाही आणि आयुर्वेद महाविद्यालयांनीही नाही. लाजेच्या बाबतीत दोन्ही पॅथींचे एकमत दिसते.

अशी तपासणी खेड्यात, दहावी शिकलेल्या बाईला जमेल का, या शंकेला आता जागा उरलेली नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींच्या गर्भपिशवीच्या तोंडाला दर दोन वर्षांनी पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधले आम्ल, लावून पाहिले. जिथे पेशी बिघडलेल्या असतात तिथला भाग पांढरा पडतो. हे पाहायला दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना शिकवले होते. बारा वर्षांनी पाहता, तपासलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासात तर आयुष्यात एकदा केलेल्या विषाणूच्या चाचणीने हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तो निष्कर्ष २००९ चा. एवढे पुरावे महाराष्ट्राच्याच मातीतले. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या कर्करोगाची तपासणी कधीही झालेल्या तिशी ते पन्नाशीच्या स्त्रिया देशात दोन टक्केसुद्धा नाहीत.

गडचिरोलीतल्या गावच्या बायकांनी याहून अवघड गोष्टी शिकून दाखवल्या आहेत. नवजात बाळाचा श्वास मोजणे, त्याला न्यूमोनिया झाला की नाही ते ओळखणे, इंजेक्शन देणे, हे 'सर्च'च्या आरोग्यदूतांनी १९९० च्या दशकात केले आणि त्यावरून आज देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात. बाळाला जे मिळाले ते आईला का मिळू नये? चामोर्शीला ग्रामीण रुग्णालय आहे, तालुक्यात प्राथमिक केंद्रे आहेत, आशा आहेत. आठवड्यातला एक दिवस, आत एक पडदा, तपासणारी बाईच, आणि बाहेर बसायला पुरुषांपासून वेगळी जागा, इतके केले तर बाजारातल्या म्हातारीचे "दवाखान्यात जाजो" हे वाक्य खरे होईल. ती तर रोग्यांना आधीपासूनच पाठवते आहे.

राहता राहिला त्या झाडांचा प्रश्न. बाळंतकाढ्यातल्या दशमुळांपैकी बेल, टेटू, शिवण, पाडळ यांची मुळे किंवा मुळांची साल लागते. मूळ काढले की झाड संपते. काढ्याची बाटली शहरात विकली जाते आणि खड्डा जंगलात राहतो. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा राहिला आहे, सुरजागडचे लोहखनिज घेऊन जाणाऱ्या ट्रकांनी आष्टीचा रस्ता लाल झाला आहे. एकीकडे याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. हक्काचे जंगल हाती असेल तर कुठली साल किती काढायची, हे ग्रामसभा ठरवू शकते. पण त्या जंगलावरच्या ज्ञानाचा मोबदला कुणाला, हे कायदा ठरवतो. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात भारतीय कंपन्यांनीही स्थानिक लोकांना नफ्यातला वाटा दिला पाहिजे असा निकाल दिला. पाच वर्षांत, २०२३ मध्ये, जैवविविधता कायदा बदलला आणि ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला या वाट्यातून सूट मिळाली. आता धायटी चरकात आहे. मग धायटीचे ज्ञान म्हातारीचे की चरकाचे? कायद्याने चरकाचे ठरवले आहे, आणि चरक काही वाटा मागायला येत नाही.

ग्रंथात नसलेल्या ज्ञानासाठी प्रत्येक गावात लोक जैवविविधता नोंदवही असावी, असे २००२ चा कायदा सांगतो. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेसाठी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. मी अशा काही नोंदवह्या चाळल्या आहेत. झाडे, पक्षी, मासे, धानाची वाणे, जखमेवरची पाने, सापावरची मुळी, सगळे आहे. बायकांच्या दुखण्याचे पान मात्र बहुधा कोरे किंवा दोन ओळींचे. नोंद घ्यायला आलेला शिक्षक किंवा महाविद्यालयातला मुलगा, सांगायला बसलेले सरपंच आणि पुजारी. त्यांच्यापुढे कोण बाई पांढरे जाण्याची गोष्ट काढणार? ही पाने पुन्हा लिहायला हवीत, आणि ती लिहायला आशा आणि गावच्या सुईणी यांनाच बसवायला हवे. झाडाचे नाव, कोणता भाग, कशावर, एवढ्या रकान्यांनी भागणार नाही. 'कधी देऊ नये' असा एक रकाना हवा आणि 'कधी दवाखान्यात पाठवावे' असा आणखी एक. कळलावीच्या ओळीत पहिला रकाना लाल शाईने भरावा लागेल. दुसऱ्यासाठी त्या म्हातारीला विचारावे, तिचे सात दिवस ठरलेले आहेत.